९० मिनिटांची डिस्को कॅसेट: रूप, जोड आणि रीळ

प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होताहेत. १९७५ ते १९८५ या काळातली हिंदी-इंग्रजी पॉप आणि डिस्को गाणी ९० मिनिटांच्या खऱ्या कॅसेटवर भरून त्यांना द्यायची आहेत. घरचा डेक दुरुस्त होऊन आला आहे. पहिला प्रयत्न फसला. आवाज गाण्यागणिक खालीवर होतो, ए बाजूचं शेवटचं गाणं मध्येच तुटलं, डेकवर बरी वाजणारी कॅसेट बाबांच्या टेपवर दबकी वाजते. आणि दोन गाणी ऐकून बाबा म्हणाले, ‘हे आपलं गाणं नाही.’

शेवटच्या तक्रारीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात महत्त्वाची आहे. बाकीचं सगळं पट्टी आणि घड्याळ घेऊन सुटतं.

बाबांचा कान चुकत नाहीये. त्या काळातलं कुठलंही गाजलेलं गाणं आज शोधलं की त्याची पाच-सहा रूपं समोर येतात, आणि सगळ्यात वर आलेलं रूप तेव्हाचंच असेल याची खात्री नसते. ज्यानं एक कॅसेट रीळ झिजेपर्यंत ऐकली, त्याला गाण्याच्या आधीचे चार ठोकेसुद्धा पाठ असतात. ते ठोके बदलले की शब्द, चाल, गळा सगळं तेच असूनही गाणं परकं वाटतं.

हिंदी गाण्यांतला पहिला चकवा झंकार बीट्सचा. जुन्या ध्वनिमुद्रणावर वरून जादा ठेका चढवलेल्या कॅसेटी एके काळी भरपूर खपल्या आणि तीच रूपं आज अ‍ॅपवर मूळ गाण्यांच्या शेजारी बसलेली आहेत. ओळखायला सोपं आहे. मूळ गाण्यात जिथे वाद्यं थांबतात, गायक एकटाच ओळ उचलतो, तिथेही टिकटिक ठेका चालूच राहतो. दुसरा चकवा दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतलेल्या गाण्यांचा. १९८०च्या दशकात अशा स्वस्त कॅसेटींचा सुळसुळाट होता. इथे मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा: घरात तेव्हा तीच कॅसेट असेल, तर बाबांचं खरं गाणं तेच. अशा वेळी मूळ गायकाचा हट्ट धरू नका.

इंग्रजी गाण्यांत धोका वेगळा. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच गायकांनी आपलीच गाणी पुढे नव्यानं गाऊन ठेवली. गळा तोच, म्हणून पटकन कळत नाही. पण ड्रमचा आवाज चकचकीत आणि पोकळ येतो, व्हायोलिनच्या ताफ्याऐवजी कीबोर्ड वाजतो. बोनी एम या डिस्को गटाचं उदाहरण घ्या. त्यांच्या रेकॉर्डवरचा पुरुषाचा आवाज निर्माता फ्रँक फॅरियनचा होता. रंगमंचावर नाचणारा बॉबी फॅरेल त्या रेकॉर्डवर गात नव्हता. त्यामुळे लाइव्ह ध्वनिमुद्रण लावलं की पुरुषाचा आवाज निराळाच येतो. गाण्याच्या माहितीत वर्ष आणि अल्बमचं नाव बघा. १९७८च्या गाण्यापुढे ‘बेस्ट ऑफ’ छापाचा, अलीकडच्या सालाचा, अनोळखी कंपनीचा संग्रह दिसला तर ते आधी कान देऊन तपासा.

मग लांबीचा प्रश्न. टॉम मोल्टन यानं सत्तरच्या दशकाच्या मध्यात नाचासाठी लांबवलेली गाणी बारा इंची रेकॉर्डवर आणली आणि तेव्हापासून एकाच गाण्याची छोटी आणि मोठी अशी दोन रूपं निघू लागली. ग्लोरिया गेनरचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ हे १९७८ मध्ये एका रेकॉर्डच्या बी बाजूवर आलं. त्याचं लांब रूप आठ मिनिटांचं आहे, छोटं साडेतीनच्या आत संपतं. रेडिओवर ऐकलेल्या माणसाला छोटं आठवतं, पार्टीत नाचलेल्याला मोठं. हिंदीत हाच फरक पडद्यावरच्या आणि रेकॉर्डवरच्या गाण्यात असतो: कडवं कमी, मधलं संगीत लांब, कुठे गाण्याआधी संवाद.

म्हणून यादी करताना आई-बाबांना गाणं ऐकवू नका. ऐकवलं की त्यांची आठवण त्या रूपाकडे सरकते. आधी गुणगुणायला सांगा आणि पहिल्या शब्दाच्या आधी काय वाजतं ते तोंडानं म्हणायला लावा. फोनवर ते मुद्रित करून ठेवा आणि मग त्याला जुळणारं रूप शोधा. जुन्या कॅसेटींची खोकी अजून माळ्यावर असतील तर त्यावरची यादी हा सगळ्यात पक्का पुरावा.

आता वेळेचं गणित. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, असं वेष्टनावर असतं. प्रत्यक्षात बहुतेक कॅसेटी मिनिटभर जास्त भरतात, काही जेमतेम तेवढ्याच. कोरी कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं पडून घट्ट झालेलं रीळ मोकळं होतं आणि चालताना अडखळत नाही. त्यानंतर ए बाजू घड्याळ लावून एकदा वाजवा. ४६ मिनिटं १० सेकंद भरली तर तुमचा हिशेब ४५ मिनिटं ३० सेकंदांचा. सुरुवातीची पाच-सात सेकंदं पांढरी किंवा पारदर्शक पट्टी असते, तिच्यावर काहीच उमटत नाही. पहिल्या गाण्याचा पहिला शब्द गायब होतो तो इथेच. बोटानं किंवा षटकोनी पेन्सिलीनं चक्र फिरवा, तपकिरी रीळ हेडच्या (डेकमधल्या आवाज उमटवणाऱ्या भागाच्या) खिडकीसमोर येऊ द्या आणि मग आणखी दोन वेढे.

चार मिनिटांचं एक गाणं धरलं तर एका बाजूत अकरा बसतात. पण हिंदी डिस्को गाणी सहा-सात मिनिटांपर्यंत जातात, तेव्हा आठ-नऊ हा खरा आकडा. सगळ्या गाण्यांच्या वेळा सेकंदांत लिहा आणि बेरीज जुळवा. शेवटी गाणं बसत नसेल तर ते आधीच फिकट करून संपवण्याचा मोह टाळा. दुसऱ्या बाजूवरच्या गाण्याशी अदलाबदल केली की बहुतेक वेळा जुळतं. बाजूच्या शेवटी ३०-४० सेकंद कोरी राहिली तर चालतं. दोन मिनिटं राहत असतील तर तिथे शब्द नसलेला वाद्यसंगीताचा तुकडा टाका, कारण तो कुठेही हळूहळू विरवला तरी कानाला तुटल्यासारखा वाटत नाही. या कामाला चरणजित सिंग यांची १९८२ची रागांवरच्या डिस्कोची रेकॉर्ड फार छान आहे. मुंबईत रोलँड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर, म्हणजे टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ वर, त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्यांचा ठेका यंत्राचा असल्यामुळे घट्ट आहे. आणि भैरवचे स्वर हिंदी-इंग्रजी दोन्ही गाण्यांच्या शेजारी बसतात.

कॅसेटची एक गंमत यादी करताना वापरून घ्या. ए बाजूचा शेवट आणि बी बाजूची सुरुवात हे रिळाचं एकच टोक असतं. ए संपली, कॅसेट उलटली की लगेच बी सुरू. म्हणून ए बाजूचं शेवटचं गाणं इरप्शन या गटाचं ‘वन वे टिकट’ ठेवा आणि बी बाजूचं पहिलं ‘हरि ओम हरि’, १९८०च्या ‘प्यारा दुश्मन’मधलं, उषा उत्थुप यांनी गायलेलं. बप्पी लाहिरींनी त्याच चालीवर ते बेतलं होतं. कॅसेट उलटताना जी खट्खट् होते तेवढ्या वेळात चाल इंग्रजीतून हिंदीत येते. हीच दोन गाणी लागोपाठ ठेवली तर पुनरुक्ती वाटते.

ए बाजूचा चढ असा असू द्या: सुरुवात मिनिटाला १०० ते १०५ ठोक्यांच्या गाण्यांनी, मध्यावर ११५ ते १२०, सगळ्यात वेगवान गाणं बाजूच्या दोन-तृतीयांशावर, मग उतरण. ‘आबा’ (ABBA) या गटाचं ‘डान्सिंग क्वीन’ (१९७६) सुमारे १०१ ठोक्यांचं, बी जीजचं ‘स्टेइंग अलाइव्ह’ (१९७७) सुमारे १०४. ही दोन सुरुवातीला लागोपाठ सहज बसतात. त्यानंतर ‘आप जैसा कोई’ आणावं. बिद्दू यांनी संगीत दिलेलं, नाझिया हसन यांनी पंधरा वर्षांच्या असताना गायलेलं आणि लंडनमध्ये मुद्रित झालेलं हे १९८०चं गाणं ध्वनीच्या पोतानं इंग्रजी डिस्कोच्या अगदी जवळचं आहे. इंग्रजीतून हिंदीत यायला यापेक्षा चांगला पूल मिळणं कठीण. हिंदी गाण्यांचे ठोके स्वतः मोजा. घड्याळ लावून ३० सेकंदांत टाळ्या मोजायच्या आणि दुप्पट करायच्या. अ‍ॅपवर दिलेला आकडा कधी बरोबर अर्धा तर कधी दुप्पट असतो.

आई-बाबांच्या लग्नानंतरचं एखादं गाणंही हवं असेल तर १९८७च्या ‘गंमत जंमत’मधलं ‘अश्विनी ये ना’ घ्या. किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांचा तो खेळकरपणा बी बाजूच्या उतरणीवर शोभतो. १९८५च्या पुढे दोन वर्षं सरकलं म्हणून कोणी रागावणार नाही.

दोन गाण्यांमधली जागा हे या कामातलं खरं कसब. बहुतेक जण सरसकट दोन सेकंद मोकळी सोडतात. कधी ती मस्त बसते, कधी पायरी चुकल्यासारखी वाटते. कारण असं: मिनिटाला १२० ठोके असले तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि दोन सेकंद म्हणजे नेमके चार ठोके. ऐकणाऱ्याचा पाय गाणं संपल्यावरही मनात ठेका धरून असतो, आणि नवं गाणं बरोबर समेवर पडतं. पण १०४ ठोक्यांच्या गाण्यानंतर दोन सेकंद म्हणजे साडेतीन ठोक्यांपेक्षा जरा कमी. पाय हवेत असतानाच पुढचं गाणं सुरू होतं. म्हणून जागा सेकंदांत मोजू नका, ठोक्यांत मोजा. साठला ठोक्यांच्या संख्येनं भागा, चारनं गुणा. १०४ साठी २.३१ सेकंद, ११७ साठी २.०५, १२४ साठी १.९४. शेवटचा स्पष्ट ठोका जिथे पडला तिथून मोजायला सुरुवात करा. झांजेची घुमणारी शेपटी ऐकू येत असली तरी तिचा हिशेब धरू नका.

ज्या गाण्याचा शेवट हळूहळू विरत जातो, आणि त्या काळातली निम्मी गाणी अशीच संपतात, तिथे मोकळी जागा नकोच. आवाज निम्म्याहून खाली गेला की त्याच्या खाली पुढचं गाणं सुरू करा, त्याची पहिली मात्रा आधीच्या गाण्याच्या समेवर ठेवा, आणि चार ते आठ ठोक्यांत जुनं पूर्ण संपवा. त्यापुढे दोघांना एकत्र वाजू देऊ नका. हाताने वाजवलेला ड्रम घड्याळासारखा चालत नाही; ठेका उचलला जातो, ध्रुवपदावर किंचित धावतो. त्यामुळे सोळा ठोक्यांच्या पुढे दोन गाण्यांचे पाय एकमेकांत अडकतात आणि घोडा दौडल्यासारखा खडखडाट होतो. ‘स्टेइंग अलाइव्ह’ हा अपवाद: त्याचा ड्रम ‘नाइट फीव्हर’च्या मुद्रणातला छोटा तुकडा कापून, टेपचं गोल भेंडोळं करून पुन्हापुन्हा फिरवलेला आहे, म्हणून तो शेवटपर्यंत एकाच वेगानं चालतो. डोना समरचं ‘आय फील लव्ह’ (१९७७) त्याच्या सिक्वेन्सरमुळे, म्हणजे ठरवलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रामुळे, असंच स्थिर आहे. लांब जोड करायची हौस असेल तर अशा गाण्यांवरच करा.

ठेके जुळावेत म्हणून गाण्याचा वेग वाढवायचा की नाही? डीजेच्या कामात तो रोजचा प्रकार आहे. आठवणींच्या कॅसेटसाठी तो टाळावा असं माझं ठाम मत आहे. वेग साधारण सहा टक्के वाढला की स्वर अर्ध्या पट्टीनं चढतो, म्हणजे पांढरी एकमधलं गाणं काळी एकमध्ये जातं. स्वर न हलवता वेग बदलणारी साधनं आहेत, पण ती झांजा आणि टाळ्या किंचित चिरडतात. एक टक्क्याच्या आत सहसा कोणाला कळत नाही. त्यापुढे पुन्हा ‘हे आपलं गाणं नाही’ ऐकावं लागेल.

स्वरांची सांगड मात्र जरूर बघा. हार्मोनियमवर प्रत्येक गाण्याचा सा शोधून यादीत लिहा. पांढरी एकमधल्या गाण्यानंतर पांढरी चार किंवा पांढरी पाच, म्हणजे त्याच्या म किंवा प वरचं गाणं, अलगद बसतं. काळी एकनंतर काळी तीन किंवा काळी चार. पांढरी एकला चिकटून काळी एक आली, आणि ती आधीच्या गाण्याच्या शेपटीवरच आली, तर कानाला खुपतं. तिथे पूर्ण चार ठोक्यांची शांतता सोडा. जुन्या रेकॉर्डवरून उतरवलेली काही गाणी दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी सापडतील. ती उतरवताना वेग हलला होता, तुमची हार्मोनियम बेसूर नाही.

आता आवाजाची पातळी. खालीवर होण्याचं कारण असं की एकच गाणं १९८०च्या रेकॉर्डवरून आलेलं असेल तर त्यात मऊ आणि जोरकस जागांत भरपूर अंतर असतं. पुढच्या काळात नव्यानं प्रक्रिया केलेल्या रूपात सगळंच वर दाबून भरलेलं असतं. दोघांचे सर्वोच्च टोक सारखे करून उपयोग नाही. कानाला सरासरी जाणवते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ हा परिणाम आहे. प्रत्येक गाणं स्वतंत्रपणे उणे १८ एलयूएफएसला (सरासरी आवाज मोजण्याचं एकक) आणा. ऐकण्याच्या अ‍ॅपवर प्रचलित असलेली उणे १४ ही पातळी इथे मुद्दाम टाळायची. जुनी गाणी तितकी वर ओढली की त्यांचे ड्रमचे टोक कापले जातात. मोठ्या आवाजाचं गाणं खाली आणणं नेहमी सुरक्षित. आकडे जुळल्यानंतरही फक्त जोड ऐका: प्रत्येक गाण्याची शेवटची दहा आणि पुढच्याची पहिली दहा सेकंदं, डोळे मिटून. शांत सुरुवातीचं गाणं आकड्यानं बरोबर असूनही दबकं वाटलं तर त्याला दीड-दोन डेसिबल द्या.

मोनो गाण्यांची एक अडचण आहे. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातली हिंदी गाणी बहुतेक मोनो. ती स्टीरिओ डिस्कोनंतर आली की खोलीची भिंत जवळ सरकल्यासारखा आवाज अरुंद होतो. दोन मोनो गाणी शेजारी ठेवा आणि त्यांच्या आधी शांत शेवटाचं गाणं येऊ द्या. मोनोला खोटं स्टीरिओ केलेली फाइल हाती आली, म्हणजे डावीकडे नुसता खर्ज आणि उजवीकडे नुसती किणकिण, तर दोन्ही बाजू एकत्र करून सरळ मोनो करा.

प्रत्येक बाजूची एकच सलग फाइल बनवा, ४४.१ किलोहर्ट्झला. ती एकदा सुरू केली की ४५ मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. गाणं-गाणं थांबवत भरलं की प्रत्येक जोडावर ‘टप्’ असा आवाज उमटतो. लॅपटॉपवर सूचनांचे आवाज बंद, ध्वनी खुलवणाऱ्या सगळ्या सोयी बंद, वायफाय बंद. चार्जर काढून ठेवा, कारण चार्जर आणि डेक दोन्ही भिंतीला जोडले की ५० हर्ट्झची भुणभुण शिरते. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून डेकच्या मागच्या ‘लाइन इन’ला स्टीरिओ वायर. टू-इन-वनवर भरायचा विचार असेल तर सोडा. त्यातल्या बऱ्याच यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप ठरते. शांत सुरुवात वर ओढली जाते आणि पहिला ठोका पडला की सगळं एकदम दबतं. डिस्कोत ते दर ठोक्याला होतं.

कॅसेट कोणती? आज नव्यानं मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या साध्या फेरिक, म्हणजे टाइप एक. क्रोम, म्हणजे टाइप दोन, जुन्या साठ्यातून न उघडलेली मिळाली तर उत्तम: तिच्यासाठी डेक उंच-खालच्या स्वरांचा तोल वेगळा ठेवतो (इक्वलायझेशन), म्हणून सुस्कारा, म्हणजे रिळाचा सततचा ‘स्स’ आवाज, साधारण साडेचार डेसिबलनं कमी ऐकू येतो. पण ज्या टेपवर वाजणार आहे तिथे क्रोमची सोय हवी, नाहीतर आवाज जरा जास्त टोकदार येईल. १२० मिनिटांची कॅसेट घेऊ नका. तिचं रीळ साधारण ९ मायक्रॉन जाडीचं, ९० ची ११-१२, ६० ची १६-१८. पातळ रीळ पिंच रोलरभोवती, म्हणजे रीळ पुढे सरकवणाऱ्या रबरी चाकाभोवती, गुंडाळलं जातं, आणि मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटून गाण्याआधीच त्याची भुताटकी ऐकू येते. मुंबई-कोकणात पडून राहिलेल्या जुन्या कॅसेटींच्या रिळाच्या कडेला पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, हेडवरून ती पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते.

भरण्याआधी हेड, कॅप्स्टन (रोलरला टेकून फिरणारा धातूचा बारीक दांडा) आणि पिंच रोलर पुसायचे. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, तपकिरी डाग यायचा थांबेपर्यंत. रोलरचं रबर चटकन पुसून लगेच कोरडं करा. तिथे तुकतुकीत काळा थर राहिला तर रीळ घसरतं आणि लांब स्वर थरथरतात.

पातळी ठरवताना बाजूतला सगळ्यात जोरकस भाग आधी वाजवून बघा. फेरिकवर सर्वात मोठे ठोके मीटरवर ० ते +३ पर्यंत जाऊ द्या. मीटर मुख्यतः खर्जाला हलतं, आणि डिस्कोत खर्जाचा ड्रम सतत असल्यामुळे ते भरपूर हलतं. पण आधी बिघडते ती दोन ठोक्यांच्या मधली उघडी झांज, ‘च्छी’ असा तो आवाज. रिळावर उंच स्वर लवकर संपृक्त होतात, आणि ‘च्छी’चं ‘फू’ होतं. मीटर काहीही दाखवो, अर्धा मिनिट भरून ही झांज ऐका. ‘फू’ वाटली तर दोन डेसिबल खाली या. सुस्कारा थोडा वाढेल, तो चालतो. मेलेली झांज चालत नाही. एकदा ठरलं की बाजू संपेपर्यंत तीच पातळी.

डॉल्बी बी, म्हणजे सुस्कारा कमी करणारी सोय, वापरून भरलेली कॅसेट डॉल्बी नसलेल्या टेपवर किणकिणी आणि सुस्कारणारी वाजते. आई-बाबांच्या टेपवर ते बटण नसेल तर भरतानाही बंद ठेवा.

आता दबक्या आवाजाबद्दल. तुमच्या डेकवर नीट आणि त्यांच्या टेपवर घोंगडीखालून आल्यासारखी वाजत असेल तर दोन्ही हेडचा तिरकेपणा जुळत नाहीये. हेडशेजारचा लहान स्क्रू अंदाजानं फिरवू नका. आधी दोन-तीन विकत घेतलेल्या जुन्या कॅसेटी दोन्हीकडे वाजवा. जिथे सगळ्याच दबक्या वाजतात, दोष त्या यंत्रात. तेच तंत्रज्ञाकडे न्या. वेगाचंही तसंच. स्वतः भरून स्वतः वाजवली की चुकलेला वेग कळतच नाही, दुसऱ्या यंत्रावर मात्र अर्धी पट्टी चढते. म्हणून आधी ३००० हर्ट्झचा स्वर अर्धा मिनिट भरा आणि त्यांच्या टेपवर वाजवून फोनवरच्या वारंवारता मोजणाऱ्या अ‍ॅपनं बघा: ३० हर्ट्झचा फरक म्हणजे एक टक्का. तेवढा चालेल, ९० चालणार नाही.

त्याच दोन सलग फाइली पेन ड्राइव्हवरही द्या. ३२० केबीपीएसला एक बाजू साधारण १०८ एमबी होते. गाणी सुटी करून देऊ नका. एमपी३ च्या सुरुवातीला आणि शेवटी बारीक शांतता चिकटते आणि मोजून बसवलेले जोड उसवतात. हे सगळं घरच्या ऐकण्यापुरतं ठेवा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, तेव्हा १९८०चं गाणं २०४० संपेपर्यंत मालकीचं आहे. यूट्यूबवर चढवलं तर बहुधा अडवलं जाईल.

कागदी वेष्टन १० सेंटिमीटर रुंद, दर्शनी भाग साडेसहा, कणा सव्वा. जेल पेनची शाई प्लॅस्टिकला लागून फासते, बॉलपेन बरं. गाणं, गायक आणि साल लिहा. ठोके आणि पट्ट्या तुमच्या वहीत राहू द्या. दोन्ही बाजू त्यांच्याच टेपवर एकदा पूर्ण ऐकल्यावर मागच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडा. ए बाजू समोर आणि रिळाची खिडकी खाली धरली की डावीकडची टिकली ए बाजूची. त्या मोडल्या की चुकून लाल बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. एखादं गाणं बदलायचंच झालं तर त्या भोकावर सेलोटेप चिकटवा, भरून झालं की काढून टाका.